सन तेराशे सत्तावन्न

मी एक जुनी जंत्री आहे. मित्रांनो, जंत्री म्हणजे काय हे तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना आता चष्म्यावाचून मी दिसत नाही. पंचांग तिथी सांगतं. मी एका सनाची तारीख दुसऱ्या सनात सांगते. माझ्या प्रत्येक पानावर तीन रकाने आहेत, हिजरी, फसली आणि इसवी. निजामाच्या राज्यात कचेरीचा सगळा कारभार फसली सनानं चाले. फसलीत पाचशे नव्वद मिळवले की इसवी सन निघतो. हिजरी सन चंद्रावर चालतो आणि त्याचा हिशेब निराळा. दोन्ही तेराशेच्या घरातले, दिसायला सख्खे भाऊ, पण माझ्या काळात त्यांच्यात नऊ-दहा वर्षांचं अंतर होतं.

चंद्रदर्शनामुळं माझ्याकडून एखादा दिवस इकडचा तिकडं झाला असेल. तेवढी चूक मी कबूल करते. वर्षाची चूक मी कधी केली नाही. माझ्या डोळ्यांदेखत जी झाली, तिची ही हकीकत आहे.

माझा जन्म हैदराबादेत, छत्ता बाजारातल्या एका शिळाछापखान्यात झाला. तिथून मी तुळजापूरच्या तहसील कचेरीत आले आणि विष्णुपंत नावाच्या अहलकाराच्या मेजावर बसले. अहलकार म्हणजे कारकून. विष्णुपंतांचं उर्दू अक्षर असं, की तहसीलदार म्हणत, हुकूम कडक असला तरी वाचायला गोड वाटतो. त्यांना तपकिरीची सवय होती. माझ्या पानांना अजून तो वास आहे.

सन तेराशे सत्तावन्नात त्यांना तामलवाडीच्या करोडगिरी नाक्यावर पाठवलं, त्यांच्याबरोबर मीही गेले. करोडगिरी म्हणजे जकात. पलीकडं सोलापूरचा मुलूख, तिथं स्वतंत्र हिंदुस्थान. अलीकडं निजामाचं राज्य. रझाकारांची दहशत वाढली तशी माणसं पोराबाळांसकट नाका ओलांडून जाऊ लागली. वरून हुकूम आला होता, की मालाची नोंद करा, माणसांची नको. विष्णुपंत भित्रा माणूस. पण त्यांनी वहीच्या मागच्या पानांवर जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहिलं आणि खाली आपली सही केली. सन मात्र नुसता लिहिला, १३५७. फसली हा शब्द लिहिला नाही. घरच्या माणसाला आडनावानं कोण हाक मारतो? तेव्हा सगळं राज्यच फसलीत जगत होतं.

मग पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं आणि कचेरीत इसवी सन आला. तो आनंदाचा दिवस होता, हे मीही मान्य करते. फक्त त्या आनंदात मला रद्दीच्या ढिगावर टाकलं. विष्णुपंतांचीही तीच गत झाली. इंग्रजीच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले. काल ज्याच्या अक्षराची तारीफ होत होती, तो आज अडाणी ठरला. नव्या साहेबांना विचारून त्यांनी मला घरी आणलं. साहेब म्हणाले, न्या की, चूल पेटवायला होईल.

त्यांची मुलगी वनमाला हुशार होती. दुपारी ओसरीवर बसून बाप तिला उर्दू शिकवी. शेजारचे हसायचे, की गेल्या राज्याची भाषा शिकून पोरीला काय मिळणार? ती एम.ए. झाली आणि विद्यापीठात इतिहास आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पीएच.डी.ला बसली. तुळजापुरातून एक मुलगी असल्या विषयात जाते म्हटल्यावर हसणारेच पेढे मागायला आले.

तिचा प्रश्न साधा होता. हैदराबाद संस्थानानं आपली कैफियत थेट सुरक्षा परिषदेपुढं नेली, तेव्हा त्याच संस्थानाच्या सरहद्दीवर काय चाललं होतं? जगापुढं काय बोललं गेलं ते ग्रंथांत होतं. सरहद्दीवरचं उत्तर बापाच्या वहीत होतं. दफ्तरखान्यात तिनं ती वही शोधली, पानं उतरवून घेतली आणि मला पिशवीत घालून तामलवाडीला गेली. वहीतल्या एकशे बारा नावांपैकी एक बाई अजून गावात होती. तिचं नाव कडूबाई.

कडूबाई शेंगा निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"व्हय, म्या गेले की. तीन लेकरं, एक शेरडी अन् डोस्क्यावर गाडगं. मालक म्हणलं, तू हो म्होरं, म्या बैलं घिऊन येतो. ते आलंच न्हाईत. मारलं त्यास्नी." मग तिनं शेंगांचा ढीग पुढं ओढला. "नाक्यावर एका बामनानं नाव इचारलं. म्या म्हणलं, लिवा, कडूबाई. आमचं नाव कुनी कवा लिवलंय का? हाय का ते अजून?"

"आहे, मावशी. ते लिहिणारे माझे वडील."

"मंग छापा, बाई. मालक कुठल्या साली गेलं, कशापायी गेलं, ते कागदावर तर यिऊ द्या. सरकारात गेले तर म्हणत्यात, पुरावा आना."

वनमालानं तिचा हात हातात घेऊन शब्द दिला. मी पिशवीत होते. मी ऐकलं.

आता तिच्या मार्गदर्शकांविषयी. त्यांना सगळे आण्णासाहेब म्हणत. व्हिएन्नाचे तह आणि जिनिव्हाचे करार त्यांना तोंडपाठ. स्वभावानं वाईट नव्हते, विद्यार्थ्यांना घरी जेवू घालत. नाक्याच्या त्या वहीची काही पानं त्यांनाही पूर्वी कुणीतरी उतरवून दिली होती. १३५७ पाहून त्यांनी तो हिजरी धरला, इसवी १९३८ काढला आणि लेख लिहिला, की दुष्काळामुळं मजूर कामाच्या शोधात सरहद्द ओलांडत होते. लेख लंडनच्या त्रैमासिकात छापून आला. सत्कार झाला, परदेशची बोलावणी आली. ती चूक प्रामाणिक होती. फसलीचं नावही त्यांनी ऐकलं नव्हतं.

लेख वनमाला विद्यापीठात येण्याआधीचा, तिला त्याची गंधवार्ता नव्हती. तिनं मोठ्या उत्साहानं मला त्यांच्यापुढं उघडलं. "सर, हे बघा, फसली तेराशे सत्तावन्न म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस." आण्णासाहेबांनी माझ्या रकान्यावरून बोट फिरवलं. ते बोट मध्येच थांबलं. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला, तिनं पाहिला नाही.

"वनमालाबाई, दोन दिवस राहू द्या माझ्याकडे. नीट बघतो," ते म्हणाले आणि त्यांनी मला विद्यापीठातल्या आपल्या खोलीत, काचेच्या कपाटात जाड ग्रंथांच्या आड ठेवून कुलूप लावलं. दोन दिवसांचे चौदा महिने झाले. ती मागायची, ते म्हणत, घरी राहिली. मी त्यांच्या पाठीमागं हातभर अंतरावर होते.

तोंडी परीक्षा त्याच खोलीत झाली. दिल्लीकडचे परीक्षक आले होते. त्यांनी प्रबंधाची स्तुती केली आणि मग चौथ्या प्रकरणावर बोट ठेवलं. "सन १३५७ म्हणजे १९३८. तुम्ही १९४८ कुठून आणलंत? तुमच्या मार्गदर्शकांनीच लंडनच्या लेखात १९३८ लिहिलंय."

वनमालानं आण्णासाहेबांकडं पाहिलं. लेखाची गोष्ट तिला तेव्हा कळली.

"तो फसली सन आहे, सर. माझ्याकडे जंत्री होती. ती आण्णासाहेबांकडे आहे."

परीक्षक आण्णासाहेबांकडं वळले. आण्णासाहेबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. "जंत्री?" ते म्हणाले. "माझ्या पाहण्यात तरी आलेली नाही."

"माझ्या वडिलांना विचारा. ती वही त्यांनीच लिहिली आहे."

"घरचा साक्षीदार संशोधनात चालत नसतो," परीक्षक हसून म्हणाले. वाईट हेतूनं नव्हे. सहा महिन्यांत प्रकरण दुरुस्त करा, असा शेरा लिहून ते गाडीला गेले.

मित्रांनो, मला त्या दिवशी वाचा असती तर! काच फोडून मी मेजावर पडले असते. पण वस्तूला कुणी उघडल्याशिवाय बोलता येत नाही.

परीक्षक गेल्यावर आण्णासाहेब हळू आवाजात तिच्याशी बोलले. "हैदराबादेहून दुसरी जंत्री आणाल, ठाऊक आहे मला. पण सही माझी लागते. चार वर्षं घातलीत तुम्ही. कॉलेजातली जागा पदवीसाठी अडली आहे. एका आकड्यानं काय होतं? अडतीस करा आणि मोकळ्या व्हा."

ती दारापर्यंत गेली. मला वाटलं, ही आता दार आपटून जाईल. विष्णुपंत आयुष्यभर भित्रे, पण नाक्यावर त्यांनी नावं लिहिली होती. ही तर त्यांची मुलगी.

तिनं अडतीस केलं.

मी तिला दोष देते का? देते. आण्णासाहेबांना देते त्याहून कमी, पण देते. कडूबाईचा नवरा एका आकड्यासरशी दुष्काळात मजुरीला गेलेला इसम झाला आणि एकशे बारा माणसांची पळापळ पोटासाठीची वणवण ठरली. सही झाली त्या दिवशी आण्णासाहेबांनी कपाट उघडलं. "अहो, ही बघा, सापडली तुमची जंत्री," असं म्हणून मला तिच्या हातात दिलं. आता त्यांना माझी भीती उरली नव्हती.

घरी विष्णुपंतांनी प्रबंध वाचायला घेतला. लाल कापडी बांधणी, त्यावर सोनेरी अक्षरांत मुलीचं नाव. चौथ्या प्रकरणाशी ते थांबले. पान मागं उलटलं, पुन्हा वाचलं.

"वनू," ते म्हणाले, "अडतीस साली मी परंड्याला होतो गं. मग त्या नाक्यावर सही कुणी केली?"

तिनं प्रबंध त्यांच्या हातून घेतला आणि मिटला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर बाप-लेकीचं बोलणं जेवायला वाढण्यापुरतंच उरलं.

एका मंगळवारी देवीच्या दर्शनाला आलेली कडूबाई घर विचारत विचारत आली. ओसरीवर टेकली आणि म्हणाली, "बाई, छापलं का?"

वनमालानं प्रबंध आणला. नाव होतं त्या ओळीवर कडूबाईचं बोट ठेवलं. कडूबाईनं ती ओळ हातानं चाचपली आणि हात डोळ्यांना लावला.

"अन् साल? मालक गेलं ती, रझाकाराचं साल? त्येच लिवलंय न्हवं?"

विष्णुपंत पलीकडं बसले होते. त्यांनी मुलीकडं पाहिलं. वनमाला म्हणाली, "हो मावशी. तेच लिहिलंय."

"देवी भलं करंल तुजं," कडूबाई म्हणाली. पदराची गाठ सोडून तिनं प्रसादाची खडीसाखर डॉक्टरीणबाईंच्या हातावर ठेवली. विष्णुपंत उठून आत गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला सगळ्यांनी जपलं. आण्णासाहेबांनी काचेआड, कुलपात जपलं. वनमालानं रेशमी रुमालात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं आहे, वर डांबराच्या गोळ्याही टाकल्या आहेत. माझं एकही पान फाटलेलं नाही, एकाही रकान्याला कसर लागलेली नाही. मला जपू नका. मला चारचौघांत उघडा.