मामाच्या नावावर खपवलेलं स्वप्न

आम्हा सोमाली लोकांत दुसऱ्याची कविता म्हणणाऱ्यानं दोन गोष्टी पाळायच्या असतात. आधी कवीचं नाव सांगायचं, आणि मग त्याचा एकही शब्द बदलायचा नाही. मी बारा वर्षं गुलेदमामाच्या कविता अशाच म्हणत आले. मग दुष्काळात त्याचे सगळे उंट मेले, आम्ही बुरो शहराबाहेरच्या छावणीत येऊन पडलो, आणि मामाची वाचाच बसली. चहा मागण्यापुरतं बोलायचा. दोन वर्षांत एक ओळ नाही.

लोक मलाच टोचायचे. "दहबो, मामानं काही नवं केलं का गं?" नाही नाही म्हणून माझं तोंड दुखलं. शेवटी एका लग्नात मी म्हणाले, "ही गुलेदची कविता," आणि स्वतःची म्हटली. स्वप्नात मेलेल्या उंटिणीच्या फासळ्यांतून गवत वर येतं, आणि तिचं पिल्लू धावत जाऊन त्या गवताला तोंड लावतं.

बायका रडल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आठवड्याभरात अकरा कुटुंबांनी झोपड्यांच्या चटया सोडवायला घेतल्या. गुलेदच्या स्वप्नात माळ हिरवा झालाय, आता परत जायचं. त्याचं एक स्वप्न पूर्वी खरं ठरलं होतं, तेवढं त्यांना पुरे होतं. तिकडे पाणी नसलं तर उरल्यासुरल्या शेळ्या जातील, लेकरंही जातील.

मी मामासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. तो काठी घेऊन उठला आणि थेट बाभळीखाली जमलेल्या माणसांत गेला.

"ती कविता माझी नाही," तो म्हणाला. "माझ्या स्वप्नात अजून धूळच आहे. ती या दहबोची. आधी दोन माणसं पुढे पाठवा, पाणी बघून येऊ देत. स्वप्नाच्या भरवशावर शेळ्या हाकतात काय?"

म्हातारा फराह खवळला. "पोरीनं तुझं नाव वापरलं, आणि तू तिला काहीच बोलत नाहीस?"

"बोलणार आहे ना. तिची तिसरी ओळ ऐकलीस का?" मामा माझ्याकडे वळला. "जन्म उंटांत गेला ना गं तुझा? पिल्लू आधी गवताकडे जातं?"

"नाही मामा. आईकडे."

"मग?"

तो खाली बसला, डोळे मिटले. त्याचे ओठ हलायला लागले. मग त्यानं ओळ म्हटली. पिल्लू आईच्या फासळ्यांपाशी जाऊन उभं राहतं, आणि गवतच त्याच्या तोंडापर्यंत वाढत येतं.

माझ्या डोळ्यांना धार लागली.

"रडतेस काय? म्हण आता," मामा म्हणाला. "आणि आधी नाव सांग."

मी उभी राहिले. "ही दहबोची कविता," मी म्हणाले. "तिसरी ओळ गुलेदची."