ब्लॉकमधला गाळ

गेणूने वरून बादलीभर पाणी ओतलं आणि इंजिनाच्या ब्लॉकची तोटी पूर्ण उघडली, तरी खाली थेंब पडला नाही. त्याने तोटीत तार खुपसली, दोनदा फिरवली. मग तांबडा, शेणासारखा दाट गाळ घमेल्यात पडायला लागला.

गेणू घमेल्याकडे बघत उकिडवा बसून राहिला.

लोणी देवकरच्या फाट्यावर त्याचं गॅरेज होतं. चार पत्रे आणि एक लिंब. बावीस वर्षं तो तिथे गाड्या दुरुस्त करत होता. ही अ‍ॅम्बॅसिडर तात्याबांची. ते ती भाड्याने चालवायचे. मे महिन्यात हीच गाडी इंदापूरच्या अलीकडे चार किलोमीटरवर उकळून बंद पडली होती. मागच्या सीटवर तात्याबांची सून करुणा होती. आठवा महिना, आणि रक्त थांबत नव्हतं. गाडी तिचा नवरा समाधान चालवत होता. एक ट्रक थांबवून त्याने तिला दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला. ती गेली, पोटातलं बाळही गेलं.

आज दोन महिन्यांनी तात्याबांनी गाडी ट्रॅक्टरने ओढून आणली होती. नवा रेडिएटर गोणपाटात गुंडाळून लिंबाखाली ठेवला होता, आणि त्याच्याशेजारी ते बसले होते.

"पोरानं गाडी घालवली," तात्याबा म्हणाले. "काटा वर गेला तवाच थांबाया पायजे हुतं. मी तीस वरसं गाडी चालवली, कवा तापवली का?"

गेणूने हात चिंध्यांना पुसले. जुना रेडिएटर बदलून दुसरा त्यानेच मार्चमध्ये बसवला होता. तो बसवण्याआधी इंजिन आतून धुवावं लागतं. सोड्याचं गरम पाणी घालून इंजिन चालवायचं, ते सोडून द्यायचं, मग नितळ येईपर्यंत पाणी ओतत राहायचं. दोन पिंपं सहज जातात. त्या उन्हाळ्यात टँकर तीन दिवसांआड येत होता. गेणूने इंजिन न धुताच रेडिएटर बसवला. इंजिनातला गाळ हळूहळू त्यात उतरला आणि त्याच्या नळ्या बुजल्या.

"तात्या, ह्यात समाधानची चूक न्हाय," तो म्हणाला. "मी इंजन धुतलं न्हवतं. धुतलं असतं तर रेडिएटर चोक झाला नसता."

आता ते अंगावर धावून येतील असं त्याला वाटलं. तात्याबा हलले नाहीत.

"तू म्हणला हुतास धुवाया पायजे म्हून," ते म्हणाले. "मीच म्हणलो, वऱ्हाड न्यायचंय, ऱ्हाऊ दे."

गेणूला ते आठवत होतं. तात्याबांनाही आठवत असेल असं मात्र त्याला वाटलं नव्हतं.

"मग पोराला का बोलला?"

"तिच्या जलदानाच्या दिशी भरल्या मांडवात म्हणलो त्याला, तूच मारलंस तिला. तवापासनं त्यो घरला न्हाय."

"आता सांगा की त्याला."

"माझ्यानं व्हायचं न्हाय, गेणू." तात्याबांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. "तू गाडी कर."

गेणूने गाडी केली. पाणी सहा वेळा तांबडं आलं, सातव्यांदा चहासारखं, आणि पुढे कधीतरी नितळ. त्याने नवा रेडिएटर बसवला, भिगवणपर्यंत गाडी पळवून आणली. काटा निम्म्याच्या वर गेला नाही. तात्याबा स्टिअरिंगवर बसले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गेणू एसटीने बारामतीला गेला. समाधान एमआयडीसीत दूध डेअरीच्या कारखान्यात लागल्याचं त्याने ऐकलं होतं. दुपारच्या पाळीला समाधान कुणाच्यातरी मोटारसायकलवरून उतरला. वाळला होता. गेणूने त्याला गेटजवळच्या बाभळीखाली बोलावलं आणि सगळं सांगितलं, स्वतःचं आणि तात्याबांचंही.

"तात्यांनी धाडलं तुमाला?" समाधानने विचारलं.

"न्हाय."

समाधानने पायाखालची खडी चपलेने बाजूला सारली.

"काटा वर गेल्याला मला दिसला हुता, मामा. तिनं बी इचारलं, थांबायचं का म्हून. मी म्हणलो, आता आलंच की इंदापूर. चार किलोमीटर ऱ्हायलं हुतं."

इतक्या लांब येऊन आपण ह्याचं काहीच हलकं केलं नाही, एवढंच गेणूला कळलं.

"आता तापती का गाडी?"

"न्हाय."

"बरं झालं."

भोंगा वाजला. माणसं गेटकडे सरकली. समाधान चार पावलं गेला आणि परत आला. पिशवीतून डबा काढून त्याने गेणूच्या हातात दिला.

"सकाळपासनं काय खाल्लं नसंल तुमी. मला आज भूक न्हाय."

तो आत गेला. वॉचमनने गेट ओढून घेतलं. गेणू बाभळीखाली खडीवर बसला. बऱ्याच वेळाने त्याने डब्याचं झाकण काढलं. आत दोन भाकरी होत्या. जाड, वाकड्या, कडेला करपलेल्या. पुरुषाच्या हाताने थापलेल्या.