गाडवाटेची रुंदी

गाडी घ्यावी की नाही, यावर मत नाही असा माणूस आमच्या भावकीत उरला नव्हता. शहाद्याचा मेव्हणा म्हणाला, एवढ्या पैशात दोन ट्रॅक्टर दारात उभे राहतील. नाशिकच्या चुलतभावाने फोनवर अर्धा तास गिअरबॉक्स समजावून सांगितला. त्याने शेत शेवटचं पाहिलं ते दहावीत असताना. सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. बायको कुणाची खाटेवर घालून आणावी लागली होती? माझी. मग मत फक्त मला असायला हवं होतं.

गोष्ट भाद्रपदातली. घर आमचं रनाळ्यातच. मी रोज नंदुरबारला नोकरीला जातो, शेती बायको, चेतना, बघते. बघते म्हणजे तीच करते. मी रविवारी मोटरसायकलवर जातो, दोन सूचना देतो आणि चहा पिऊन येतो. हिरव्या मिरचीचा तोडा चालू असताना विहिरीच्या पायरीवरून तिचा पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. चार माणसांनी तिला खाटेवर घातलं आणि पावसात दीड किलोमीटर डांबरी रस्त्यापर्यंत उचलून आणलं. मी ऑफिसात होतो, तो थेट दवाखान्यातच पोहोचलो. गाडी आतपर्यंत येऊ शकली नाही, एवढंच कानावर आलं. भाद्रपद, काळी जमीन, म्हणजे चिखलात रुतली असणार. त्याच दिवशी मी ठरवलं, चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायची.

ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण मोटरसायकलवर बसायचं नाही आणि रिक्षाचे धक्के सोसायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. आठ महिने झाले, चेतनाने शेत पाहिलेलं नाही. आमचा सालदार भटू रोज संध्याकाळी घरी येतो आणि ती त्याला झाडाझाडाची खबर विचारते. ते ऐकताना मला गुन्हेगारासारखं वाटतं, आणि मग मी आणखी एका शोरूमला फोन लावतो.

शेवटी एक गाडी पसंत पडली. किंमत मी दोनदा विचारून घेतली, पण सेल्समनने गाडी एका खड्ड्यातून अशी बाहेर काढली की मी जवळजवळ सही केलीच होती. भटूला फोटो दाखवला. त्याने तो लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला.

"भाऊ, आपली गाडवाटमा ती मावी का?"

मला राग आला. एवढ्या मोठ्या गाडीत याला दिसली ती फक्त रुंदी. पण रात्री झोप लागेना. सकाळी सेल्समनला विचारलं, तर तो म्हणाला, आरशांसकट सात फूट धरा सर. रविवारी शेतावर जाऊन भटूकडून सात फुटांचा बांबू तोडून घेतला. तो आडवा धरून आम्ही दोघे विहिरीपासून डांबरी रस्त्याकडे निघालो, एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.

गाडवाट म्हणजे शेतात जाण्याची जुनी बैलगाडीची वाट. कागदावर ती आठ फूट आहे. जमिनीवर किती आहे, ते ज्याच्या त्याच्या नांगराने ठरवलेलं. मधला सगळा पट्टा दिलवरसिंगबापूंचा. तीन वर्षांपूर्वी बांधावरून आमचं वाजलं होतं, तेव्हापासून रामराम बंद. वाट त्यांनीच खाल्ली असणार याची मला इतकी खात्री होती की त्यांची हद्द लागताच मी बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरला.

बापू कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या गोळा करत होते. बांबू पाहून ते सरळ वाटेत येऊन उभे राहिले.

"मोजनी करी ऱ्हायना का? पहिले नोटीस देनी पडस."

मी म्हटलं, गाडीचं माप घेतोय. त्यांना ते पटलं नाही. आमच्याकडे बांबू घेऊन बांधाबांधाने फिरणारा माणूस कोर्टात जाणाराच असतो. त्यांनी माझ्या वडिलांचं नाव काढलं, मी त्यांच्या भावाचं काढलं. चोराच्या उलट्या बोंबा, असंही मी बोलून गेलो. मग ते म्हणाले, चला, मीच चालतो बरोबर, कुठे अडतंय ते डोळ्यांनी बघू.

अडलं नाही. त्यांच्या पूर्ण पट्ट्यात बांबू मोकळा गेला, दोन्हीकडे वीतभर जागा उरली. माझी चिडचिड वाढतच गेली. मनातून मला तो अडायला हवा होता.

डांबरी रस्ता दिसू लागला तिथे आमचाच दुसरा तुकडा आहे, लिंबाचा. एका बाजूला पाण्याची खोल चारी, दुसऱ्या बाजूला आमचं तारेचं कुंपण. भटू थांबला. त्याचं टोक चारीच्या काठावर होतं आणि माझं टोक आमच्या सिमेंटच्या खांबावर आपटलं होतं. बांबू तिरका केला तेव्हा कुठे तो निघाला. जागा जेमतेम पाच फूट.

ते कुंपण मीच घातलं होतं. लिंबाची एक ओळ जास्त बसावी म्हणून खांब वाटेत तीन फूट सरकवले होते. मोटरसायकलला पाच फूट पुरतात. उन्हाळ्यात ट्रॅक्टर बापूंच्या रिकाम्या वावरातून वळसा घालून येतो आणि ते कधी अडवत नाहीत. त्यामुळे मला काही जाणवलंच नव्हतं.

बापू आता रागात नव्हते. त्यांनी खांबावर हात ठेवला.

"तुन्ही घरवालीले लेवाले मी पिकअप लई उंतू. ती आठेच थांबनी. चिखलना सवाल नव्हता, भाऊ. जागा नव्हती."

आमचं बोलणं बंद असताना हा माणूस गाडी घेऊन आला होता, आणि मला ते आज कळत होतं. भटू चारीकडे बघत राहिला. खाट उचलणाऱ्या चार जणांत तोही होता.

घरी आलो तो संतापूनच. सगळ्यांना माहीत, आणि मला कुणी सांगू नये? चेतना ओट्यावर लसूण सोलत बसली होती. पिकअप आपल्या कुंपणापाशी अडली हे तुला ठाऊक होतं का, असं मी तिला विचारलं.

"खाटवर पडेल व्हती मी, पन डोळा उघडाच व्हतात."

मग सांगितलं का नाहीस, म्हणून मी आवाज चढवला. तिचा नाही चढला.

"आठ महिना व्हयनात. गाडी कोठे थांबनी व्हती, हाई तुमी एकदाव बी इचारं नही."

मी किंमत विचारली होती. ॲव्हरेज विचारलं होतं. सातपुड्याचा घाट चढेल का, तेही विचारलं होतं. स्वतःचीच लाज वाटली.

"गाडी लेवानी का नही ते तुमी देखा," ती म्हणाली. "माले वावरमा जानं शे."

शोरूमचे तीन मिस्ड कॉल होते. चौथा आला तेव्हा गाडी नको म्हणून सांगून टाकलं; आठ फूट वाट मोकळी असली की साधी पिकअपही विहिरीपर्यंत जाते. मग भटूला फोन लावला आणि सकाळी पहार घेऊन लिंबाच्या वावरात ये म्हटलं.

"कितला खांब काढाना शेतस, भाऊ?"

सगळे, मी म्हणालो.