फ्लेक्सवरची मुलगी

“अजून एक थर दे अक्का. फ्लेक्सवर दिसतेय तशी व्हायला पाहिजे मी.”

भ्रमरांबाने पुन्हा स्पंज बुडवला. तेनालीतल्या त्या हॉलमध्ये आज हिमबिंदू वयात आल्याचा सोहळा होता. फाटकावर तिचा भलामोठा फ्लेक्स. छापणाऱ्याने पोरीचा सावळा रंग पार धुऊन काढला होता, बसकं नाक चिमटीत धरून ओढावं तसं सरळ केलं होतं. सिनेमातल्या नायिकेसारखं. त्या नायिका परमुलखातून आणतात. त्यांना तेलुगूचं अक्षर येत नाही. त्यांचं बोलणं पडद्यामागून दुसरीच बाई बोलते. ती कशी दिसते हे कुणी विचारत नाही. आपला चेहरा चुकीचा आहे हे पोरींना वेगळं शिकवावं लागत नाही. घरोघरी पडदा आहे. भ्रमरांबासुद्धा मानेच्या वर पावडर थापूनच कामाला निघे. काळ्या बाईकडून मेकअप कोण करून घेणार?

मुहूर्त टळत चालला होता. पहिली ओणी, परकरावर नेसायची अर्धी साडी, आजोळची लागते, आणि ती आणणाऱ्या अम्मम्माचा, आईच्या आईचा, पत्ता नव्हता. हिमाची आई रडकुंडीला आली होती.

गजरे आणायला भ्रमरांबा बाहेर गेली, तर फाटकासमोर रसाच्या गाड्याजवळ एक म्हातारी पिशवी छातीशी धरून बसलेली. पिशवीतून नव्या ओणीचा जरीकाठ डोकावत होता.

“आत का नाही आलात अम्मा?”

“हा हॉल दुसऱ्या कुणाचा आहे बाई. वाचता येत नाही मला, पण डोळे शाबूत आहेत.” म्हातारीने फ्लेक्सकडे हनुवटी केली. “ही आमची नव्हे. आमच्या हिमाला माझं नाक आहे.”

भ्रमरांबाने त्या नाकाकडे पाहिलं आणि तिला हाताला धरून आत आणलं.

आतही म्हातारी घुटमळली. इतका वेळ कुठे होतीस, असं हिमाने विचारलं तेव्हा कुठे आवाजावरून तिने नात ओळखली, आणि हसत हसत सगळं सांगून टाकलं.

हिमा हसली नाही. तिने आरशात पाहिलं, मग म्हातारीच्या नाकाकडे.

“पुसून टाक अक्का.”

पोरगी काळी येईल म्हणून व्हिडिओवाला कुरकुरला.

“मग दिवे नीट लाव,” भ्रमरांबा म्हणाली. “तेच काम आहे ना तुझं?”

आईने तोंड उघडलं, पण म्हातारीने ओणी तिच्या हातात ठेवून तिला गप्प केलं.

थर उतरले. हिमा अम्मम्माचा हात धरून मंडपात गेली. आरशापुढे ओला रुमाल पडला होता. भ्रमरांबाने त्याची कोरी बाजू शोधली, तोंडावरून सावकाश फिरवली. मान आणि चेहरा एका रंगाचे झाले.

मग उरलेला एक गजरा स्वतःच्या केसांत माळून तीही मंडपात गेली.