बिनरेघेची पट्टी

"आमची ताई भाजी जाड चिरते आणि माणसं पातळ," असं तिचा धाकटा भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. खोटं नव्हतं. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला मांसाचा तुकडा मायक्रोटोम यंत्राच्या पात्यावर केसाहून पातळ कापायचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली रोग दिसतो, हीच तिची इस्पितळाच्या तपासणी खात्यातली नोकरी. खात्यात सगळे तिला सुरीबाई म्हणत.

आता त्याच भावाच्या फुफ्फुसातला तुकडा तिच्या टेबलावर आला होता. मोहरीएवढा. त्यावरून रोग कळला तरच औषध ठरणार होतं. तो काढताना भाऊ मरता मरता वाचला होता. पुन्हा सुई घालणार नाही, असं डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं होतं.

नात्यातल्याचा ठोकळा आपण कापायचा नाही, अशी खात्यातली रीत. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "दे इकडे, मी करते."

"नको, तुझा हात जड आहे," म्हणत तिने खुर्ची पुढे ओढली.

यंत्राचं चाक फिरलं. कापाची पातळ पट्टी उतरली, पण मधोमध उभी रेघ. पात्याची धार कुठेतरी दुखावली होती. परक्याची पट्टी असती तर तिने निमूट काचेवर घेतली असती. एवढ्या रेघेने काही अडत नाही. पण भावाच्या पट्टीवर रेघ कशाला? तिने ती कुंचल्याने ट्रेमध्ये लोटली, पातं सरकवलं. पातं हललं की ठोकळा पुन्हा जुळवावा लागतो, आणि त्यात थोडं कापलं जातंच. पुन्हा रेघ. मग नवं पातं, पुन्हा जुळवणी. माया आंधळी म्हणतात, ते काही उगीच नाही.

शेवटी पट्टी उतरली, अगदी नितळ. "बघ, याला म्हणतात हात!" तिने शेजारणीला हाक मारली.

शेजारीण वाकली. मग म्हणाली, "अगं, यात नुसतं मेण आहे."

तिने ठोकळा उजेडात धरला. मोहरी संपली होती.

रिपोर्ट देणाऱ्या मॅडम धावत आल्या. "रेघांच्या पट्ट्या कुठायत? त्या चालल्या असत्या!" तिने ट्रेकडे बोट दाखवलं. सकाळपासूनच्या साऱ्या रोग्यांचा कीस तिथे एकात एक मिसळून पडला होता. तिने त्यात दोन्ही हात घातले आणि तिला मरून जावंसं वाटलं.

संध्याकाळी भाऊ उशीला टेकून बसला होता. "तूच कापलंस ना, ताई?"

"हो."

"मग मी निर्धास्त," तो म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवला. ती वाढत राहिली.