जाताना दाब, येताना उचल

मित्रांनो, माझ्या नावाने बोटं मोडणं तुम्ही एकदाचं थांबवणार आहात का? मी एक जुनी कानस आहे, कुलूप-किल्लीच्या दुकानातली. पोलादाची पट्टी, अंगभर बारीक दाते आणि शेपटाला लाकडी मूठ. धातू घासणं हे माझं काम. पण कोणी जरा खेकसलं की तुम्ही म्हणणार, "जीभ आहे की कानस!" वारा बोचला, तरी कानस. टॉवेल खरखरीत निघाला, तरी कानसच. अहो, मी जन्मात एकाही माणसाला घासलेलं नाही!

कारखान्यात आधी माझ्या अंगावर दाते पाडले, मग लालबुंद तापवून पाण्यात बुडवलं. कठोरपणा माझ्यात आला तो असा. मी मऊ असते तर पितळेच्या किल्लीने उलट मलाच झिजवलं असतं.

वीस वर्षं मी दुकानाच्या मालकाच्या हातात आहे. हात सोन्यासारखा, तोंडाचं मात्र विचारू नका. तो मला रोज संध्याकाळी तारेच्या ब्रशने साफ करतो, तेल लागू देत नाही, दुसऱ्या हत्यारांवर आपटू देत नाही. स्वतःच्या मुलीला हे काम शिकवताना त्याने पहिला धडा दिला तोही माझाच. "जाताना दाब, येताना उचल. मागे ओढत घासलीस तर किल्लीचं काही होत नाही, कानशीचे दाते जातात."

मुलगी तीन वर्षांत छान तयार झाली. पण एके दिवशी समोरच्या शिंपीकाकूंच्या कपाटाची किल्ली करताना तिच्याकडून एक खाच जास्त खोल गेली. किल्ली फिरेना. घासून गेलेलं पितळ परत चिकटत नाही, त्यामुळे ती किल्ली फुकट गेली.

"डोळे कुठे होते तुझे?" मालक म्हणाला. इथपर्यंत ठीक होतं, चूक तिचीच होती. पण हा बाबा थांबेल तर शपथ! गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "तुझ्या हाती कानस म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. तुझ्यापेक्षा दुकान बंद ठेवलेलं बरं."

मुलीने एप्रन काढून खिळ्याला अडकवला. पलीकडच्या गल्लीतल्या किल्लीवाल्याने तिला दोनदा बोलावलं होतं. "उद्यापासून मी तिकडे जाते," ती म्हणाली आणि पिशवी भरायला लागली.

मालकाने दुसरी कोरी किल्ली शिकंज्यात आवळली आणि सगळा राग माझ्यावर काढला. जाताना दाबलं, येतानाही दाबलं. माझे दाते कराकरा वाजले. मला इतका वैताग आला म्हणून सांगू!

मुलगी दारातून मागे वळली. "बाबा, उचला."

"काय?"

"कानस. येताना उचला, दाते जातील." मग तिने पिशवी खांद्यावर सावरली. "तिला इतकं जपता. मला मात्र जातानाही घासता आणि येतानाही."

मालकाचा हात थांबला. त्याने माझ्या दातांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "खाच खोल गेली, ते मी बोलणारच. पुढचं बोललो ते चुकलं." आणि माझी मूठ तिच्यापुढे केली. "तुझी किल्ली आहे. पुरी कर."

तिने पिशवी खांद्यावरून काढली नाही. तशीच उभी राहून तिने किल्ली केली. जाताना दाबलं, येताना उचललं. किल्ली शिंपीकाकूंच्या कपाटाला बरोबर लागली. तरी एप्रन खिळ्यालाच ठेवून ती घरी गेली.

मालक सुधारला असं समजू नका. तो अजून खेकसतो, फक्त एका वाक्यानंतर तोंड मिटून घेतो आणि मला जोरजोरात ब्रश मारतो.

मित्रांनो, कठोर व्हावं लागतं तिथे खुशाल व्हा, मी काही लोण्याची बाजू घेणार नाही. पण परतताना हात उचला. त्या दिवशी गेलेले माझे दाते आता यायचे नाहीत. मुलगी तेवढी दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आली आणि खिळ्यावरचा एप्रन तिने काढून घेतला.