बसा आबा, सोडतो

माझ्या बापाला आमचं कळस गाव चालू देत नाही. भलेपणानं वाटोळं कसं करतात ते इथं येऊन बघावं.

आबांची साखर वाढली तेव्हा बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. मेंढरांमागं फिरत होते तोवर तूप-मटण खपत होतं. मेंढरं विकून बारा वर्षं झाली, ताट मात्र तेच. एवढी चरबी खाऊन माणूस बसून राहिला की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. रोज चाललं तर पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि इन्सुलिनही हळूहळू पुन्हा लागू पडतं. "तीन महिने रोज तासभर चाला, नाहीतर सुई सुरू."

मी आईशी भांडून तूप निम्म्यावर आणलं. बूट आणले. आबा सहाला निघायचे, सातला यायचे. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला तर साखर उलट थोडी वरच. बाईंनी आणखी तीन महिने दिले, शेवटचे. माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी स्कूटी घेऊन मी मागोमाग गेले. आबा पन्नास पावलंही गेले नसतील, तोच शेजारचा दादासो गाडी घेऊन आला. "आबा, पायी? बसा, सोडतो." आबा बसले. डेअरीवर उतरले, आणि म्हशीच्या दुधाचा घट्ट चहा आणि भज्यांची बशी समोर आली.

"दादासो, किती दिवस चाललंय हे?"

"रोजच की. म्हातारं मानूस पायी चाललंय आन आमी गाडीवरनं तसंच जायाचं व्हय? लोक तोंडात शेण घालतील."

"आन उद्या रोज सुई टोचायला तू येनार हायेस का?" डेअरीवरचे सगळे वळून बघायला लागले. बघू देत. "आन आबा तुमी! न्हाय म्हनायला तोंड न्हवतं?"

आबांनी कप खाली ठेवला. "छकुले, कोकनापातूर चालत गेलोय मी. म्होरं मेंढरं हुती, कुनी इचारलं न्हाय. आता जो तो इचारतो, कुठं निगालाव? काय सांगू, कुठंच न्हाय? रिकामं चालायची लाज वाटती गं."

"लाज? मग साखर झालीया म्हनून सांगायचं!"

"त्याची तर जास्तच."

मी स्कूटी तिथंच ठेवली आणि त्यांना पायी घराकडं काढलं. अर्ध्या वाटेत सर्जेरावांची गाडी थांबलीच. पन्नाशीचे, सुटलेल्या पोटाचे. "बसा आबा, सोडतो."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी चालतच राहिले.

"न्हाय बसत," आबा म्हणाले. मग एकदम मोठ्यानं, "साखर झालीया मला. चालल्याबिगर खैर न्हाय."

सर्जेरावांनी गाडी बंद केली. मागंपुढं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मलाबी हाय, आबा. सा म्हैनं झालं. घरात कुनाला बोललो न्हाय."

दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली मला.

"सर्जेदादा," मी ओरडले, "लावा ती गाडी कडंला, आन उतरा खाली!"